कांदा ऐकताना

दोन मोठे कांदे घ्या, बारीक चिरा

"बारीक म्हणजे केवढे बारीक?" समोरच्या खिडकीतून घड्याळकाकांनी विचारलं.

"तुमच्या घड्याळातल्या स्क्रूएवढे," मावशी म्हणाली.

"मनगटावरच्या की भिंतीवरच्या?"

"काका, चिरा हो मुकाट्याने!" वरच्या मजल्यावरून नर्सवहिनी ओरडल्या. "तुमचा कांदा चिरून होईपर्यंत माझी ड्यूटी संपून पेन्शन सुरू होईल."

खालून शिवणताई खुदकन हसली. तिच्या मशीनची टरटर क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

या इमारतीला जिना एक आणि डक्ट एक. जिन्यात माणसं भेटली की "काय, बरं ना?" एवढंच विचारतात आणि उत्तर यायच्या आत वळणावर दिसेनाशी होतात. खरं बोलणं डक्टमध्ये. स्वयंपाकघरांच्या खिडक्या सगळ्या त्यातच उघडतात. समोर काका, वर वहिनी, खाली शिवणताई आणि इकडे मावशी. मध्ये पाण्याचे पाइप, वाळत घातलेली फडकी आणि दिवसभराच्या गप्पा. भाजी काय केलीस, नणंद काय म्हणाली, गुडघा कसा आहे, दुधाला विरजण लागलं का.

मावशीचं अर्धं आयुष्य बस डेपोच्या तिकीट खिडकीत गेलं. निवृत्त झाली आणि ही खिडकी धरली. फरक एवढाच, की तिथे लोक सुट्टे पैसे द्यायचे नाहीत आणि इथे सल्ला मागितल्याशिवाय राहायचे नाहीत. "मावशी, मसाला भाजला गेला का बघा हो!" असं कुणी ओरडलं, की मावशी स्वतःच्या ओट्याशी उभी राहून मान वर करायची, एक श्वास घ्यायची आणि सांगायची, "अजून जरासा." कधी चुकली नाही. चाखायची गरजच नव्हती तिला.

काकांना शिकवायला घेतलं ते त्यांची बायको गेल्यावर. महिनोन्‌महिने त्या खिडकीतून उकडलेल्या अंड्यांचा वास येत होता. शेवटी मावशीच म्हणाली, "काका, तुमची दया येते म्हणून नाही, पण आम्हाला आता तो वास सोसवत नाही. उद्यापासून शिकायचं."

आज शिकवायचं होतं पांढरं सूप. कांदा, बटाटा, लोणी, थोडं दूध, मीठ, मिरी. मावशीच्या घरात ते फक्त आजारपणात व्हायचं.

खरं तर आज शिकवायचं बिकवायचं काही नव्हतं. मावशीला रंगीत तालीम करायची होती, आणि ती का करायची हे कुणाला सांगायचं नव्हतं.

लोणी वितळलं की कांदा घाला. आच मंद. कांदा गुलाबी होता कामा नये, नुसता काचेसारखा

जावयाचा फोन आला होता. आवाज अगदी खाली गेलेला. "आई, ती पाणीसुद्धा पोटात ठेवत नाहीये. कशाचाही वास आला की उलटी. शेजारी चहा उकळला तरी. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर सोमवारी ॲडमिट करून सलाईन लावू. बाळाच्या दृष्टीने…" तो थांबला. "तुमच्या हातचं पांढरं सूप खाऊन बघते म्हणते. रविवारी घेऊन येतो."

मावशी "आण, आण" म्हणाली, फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

महिन्याभरापूर्वी तिला मोठा ताप येऊन गेला होता, तेव्हापासून वास येत नव्हता. ताप उतरला, अंगदुखी गेली, नाक मात्र परत आलं नाही. आधी वाटलं, सर्दी असेल. मग तिने कॉफीचा डबा नाकाशी धरला. अत्तराची बाटली धरली. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या हुंगल्या. नाकात थंडावा गेला, दुसरं काही नाही. जिभेला खारट कळत होतं, आंबट, गोड कळत होतं, पण त्याच्या पुढचं सगळं पुसलेलं. भात म्हणजे ओला कापूस. मुलीला सगळ्या जगाचा वास येत होता आणि आईला एक कांदासुद्धा नाही.

आणि तरी रोज खिडकीतून कुणीतरी विचारायचं, "मावशी, वास कसा आलाय?" मावशी मान वर करून श्वास घ्यायची आणि म्हणायची, "मस्त!"

"मावशी," काका म्हणाले, "हा तुकडा बघा. चालेल का?"

मावशी खिडकीतून वाकली. "अहो, हा तुकडा आहे का फोड? त्याचे अजून चार करा. बोटं आत वळवून धरा. अशी. नाही, अशी! उद्या घड्याळ कशाने दुरुस्त करणार, कोपराने?"

शेगडीकडे तिची पाठ होती. आयुष्यात कधी तिने मागे वळून कांदा बघितला नव्हता. मागचं सगळं नाक बघायचं.

"आणि काका, नीट ऐका. या सुपात सगळं कांद्यावर आहे. एकदा का तो जळला, की मग दूध ओता, लोणी ओता, काही उपयोग नाही. जळका वास जात नाही तो."

"काका!" वरून वहिनी किंचाळल्या. "गॅस बंद करा! जळालं सगळं!"

"शी शी शी," खालून शिवणताई. "अहो काका, माझ्या गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला वास लागेल!"

"बघितलंत?" मावशी काकांना म्हणाली. "आत्ता मी काय सांगत होते?"

काका हातात सुरी धरून तसेच उभे होते. त्यांनी आपल्या शेगडीकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "मी अजून गॅस पेटवलाच नाहीये."

मशीन थांबलं. मावशी वळली. पातेल्यात कांदा काळा झाला होता आणि त्यातून धुराची बारीक रेघ सरळ खिडकीकडे निघाली होती.

बटाटे

कुणी बटाट्याचं काही बोललं नाही.

"कधीपासून?" वहिनींनी विचारलं. हॉस्पिटलमध्ये पेशंटला विचारतात तसं, सपाट आवाजात.

"त्या तापापासून."

"म्हणजे मागच्या आठवड्यात तुम्ही माझ्या रश्शाला 'वास नुसता घमघमतोय' म्हणालात," खालून शिवणताई म्हणाली, "ते काय होतं?"

"अंदाज."

"अंदाज! मावशी, त्या अंदाजावर मी नणंदेला जेवायला बोलावलं!"

"मग? काय म्हणाली?"

"दोनदा वाढून घेतलं मेलीने."

"मग माझा अंदाज बरोबर होता की."

हसू डक्टमध्ये वरून खाली गेलं आणि मध्येच विरलं. कारण मावशी हसली नव्हती. तिने जळकं पातेलं नळाखाली धरलं होतं. पाणी चर्र वाजलं. मग तिने पातेल्याकडे बघतच सगळं सांगून टाकलं. जावयाचा फोन, सलाईन, रविवार.

"आणि मी काय करणार तिला? घासभर काही चुकलं, करपलं, तर ती उंबऱ्यातूनच परत जाईल. मला कळणारसुद्धा नाही का गेली ते."

"आपण करून देऊ," वहिनी म्हणाल्या. "मी करते. तुम्ही सांगा फक्त."

"तिने माझ्या हातचं मागितलंय, वहिनी."

काका सुरीने ओट्यावर टकटक करत होते. मग म्हणाले, "एक बोलू का? रागावणार नसाल तर."

"बोला."

"तुमचा कांदा मघाशी चुरचुरत होता. मग त्याचा आवाज जाड झाला, खदखदल्यासारखा. मग बारीक. मग तडतड. आणि मग एकदम गप्प. चालतं घड्याळ गप्प झालं की मी झोपेतून उठतो. पण म्हटलं, तुम्ही शिकवणाऱ्या. असेल काही पद्धत."

"अहो मग सांगायचं नाही का!"

"तुम्ही बोटं आत वळवायला सांगत होतात."

मावशीने जळकं पातेलं घासून पुन्हा शेगडीवर ठेवलं. मग तिने टोपलीतून नवा कांदा घेतला.

आता पुन्हा. लोणी, कांदा, मंद आच. डोळे मिटून

"शिवणताई, मशीन बंद!"

"बंदच आहे, मावशी."

"वहिनी, नाक?"

"तयार आहे. अर्धी खिडकीबाहेर लोंबकळतेय मी."

"काका?"

"श्श."

चुर्र. चुरचुर. मावशीने डोळे मिटले. आधी तिला पाइपातलं पाणीच ऐकू आलं, मग स्वतःचा श्वास. मग कुठे कांदा. इतकी वर्षं तो तिच्या मागे बोलत होता आणि तिने कधी लक्षच दिलं नव्हतं.

"जाड झाला," काका म्हणाले. "पाणी सुटलं."

"वास कच्चा," वरून वहिनी. "कच्चा… कच्चा… आता जरा गोडसर."

"आता बारीक होतोय. आता!"

"थांबा," मावशी म्हणाली.

"अहो, आता म्हणजे आता. पुढच्या क्षणाला तडतडेल."

"काका, घड्याळ तुमचं, कांदा माझा. थांबा."

आवाज आणखी बारीक झाला. फडक्यावरून हात फिरवावा तसा. मावशीने गॅस बंद केला आणि डोळे उघडले. पातेल्यात कांदा काचेसारखा पडला होता. एकही कड तांबूस नाही.

"वास?" तिने विचारलं.

"मावशी," वहिनी वरून म्हणाल्या, "मला आत्ता भूक लागली."

पहिला कांदा साधला, दुसरा तडतडला, तिसऱ्याला काका आणि मावशी एकदमच "आता" म्हणाले. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांच्या घरी पांढरं सूप होतं. शिवणताईच्या नवऱ्याने विचारलं म्हणे, की घरात कोण आजारी आहे.

दूध सगळ्यात शेवटी. मग उकळू द्यायचं नाही

रविवारी डक्टमध्ये मावशीची सोडून एकही शेगडी पेटली नाही.

हे कुणी ठरवलं ते मावशीला कळलं नाही. सकाळी ती ओट्याशी आली तर समोर काका खिडकीत बसून पाव खात होते, कोरडा.

"हे काय? शेगडी का नाही पेटवली?"

"वहिनींचा हुकूम. तुमची लेक जेवेपर्यंत कुणी काही शिजवायचं नाही. उकडलेलं अंडं तर अजिबात नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या."

"मी नवऱ्याला केळी दिली," खालून शिवणताई. "सांगितलं, सिलिंडर संपलाय."

"आणि मी रात्रपाळी करून आलेय, कॉफीशिवाय," वरून वहिनी कण्हल्या. "तेव्हा मावशी, काय ते लवकर करा. आणि कोमट करूनच द्या. वाफ जितकी कमी, तितका वास कमी."

दुपारी लेक आली, तोवर सूप होऊन झाकून निवत ठेवलं होतं. नाकावर रुमाल, जावयाच्या दंडाचा आधार. गाल बसलेले. दारात ती थबकली. मावशीचा जीव तिच्या त्या रुमालात अडकला.

लेकीने रुमाल जरासा खाली केला. मग पूर्ण.

"आई, कसलाच वास नाही येत गं इथे."

"मलाही नाही येत," मावशी म्हणाली. आणि तिथेच, चपला काढायच्या आत, सगळं सांगितलं. ताप, कॉफीचा डबा, काळा कांदा.

"आणि मला बोलली नाहीस?" लेक भिंतीला टेकली.

"तू तरी मला कुठे सांगितलंस? मला तुझ्या नवऱ्याकडून कळलं."

"तुला काळजी लागेल म्हणून."

"हं. माझंही तेच."

जावई दोघींकडे बघत होता. त्याने पिशवी खाली ठेवली आणि पाणी प्यायला निघून गेला.

वाटीत काढा. कोमट झाल्यावर

खिडकी उघडीच होती. लेक ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. लहानपणी बसायची तशी, एक पाय खाली मुडपून. मावशीने वाटी समोर ठेवली आणि हात पदराला पुसत राहिली. हात कोरडेच होते.

लेकीने वाटीवर नाक नेलं. मागे घेतलं. पुन्हा नेलं.

एक चमचा.

ती थांबली. डोळे मिटले. हात पोटावर गेला.

डक्टमध्ये कुणी खोकलं नाही. कुणी भांडं हलवलं नाही. समोर काका पाव हातात तसाच धरून बसले होते. त्यांच्या घरातली घड्याळं एवढ्या लांबून ऐकू येत होती, प्रत्येक आपापल्या वेळेने.

दुसरा चमचा.

पुन्हा थांबली. आता कपाळावर आठी. मावशीने मोरीकडे बघितलं. बादली कुठे ठेवलीय, हे तिने मनातल्या मनात पाहून घेतलं.

"आई."

"काय गं? काय झालं?"

"मीठ कमी आहे."

मावशीला हसावं का रडावं कळेना. जिभेला खारट कळत होतं, पण भीतीने तिने त्या जिभेवरही विश्वास ठेवला नव्हता. तिने मिठाचा डबा पुढे सरकवला. लेकीने चिमूट घातली, ढवळलं आणि खाऊ लागली. सावकाश, मध्ये मध्ये थांबत, पण वाटीचा तळ दिसेपर्यंत. मग भिंतीला डोकं टेकून नुसती बसली. बाहेर फडकी हलत होती. वेळ जात होता. काही झालं नाही.

"राहिलं का?" वरून कुजबुज आली.

मावशीने लेकीकडे बघितलं. लेक खिडकीबाहेर डोकावली आणि स्वतःच म्हणाली, "राहिलंय, वहिनी. आणि तुम्ही कॉफी घ्या आता. मी रुमाल लावते."

"देवा! या पोरीचं भलं कर!"

मग वरच्या मजल्यावर लायटर टकटकला. खाली शिवणताईचा. समोर काकांचा. एकेक करून शेगड्या पेटल्या, झाकणं वाजली, सुऱ्या चालू लागल्या. लेकीने रुमाल नाकाला लावला, पण उठली नाही. डोकं तिने आईच्या कमरेला टेकवलं. उद्या डॉक्टरकडे जायचंच होतं, पण वाटीत काहीच उरलं नव्हतं, हे सांगायला जाता येणार होतं.

मावशीने तिच्या केसांतून हात फिरवला आणि मान जराशी तिरपी केली.

"वहिनी!" ती एकदम ओरडली. "आच कमी करा, कांदा तडतडायला लागलाय!"

वर पळापळ झाली. भांडं आदळलं. मग वहिनी खिडकीत आल्या, डोळे एवढे मोठे करून.

"मावशी! वास आला तुम्हाला?"

"नाही," मावशी म्हणाली. "ऐकू आला."