आजोबांनी दाखवलेला जास्तीचा सेकंद

मित्रांनो, मी एक जुनं, किल्लीचं स्टॉपवॉच आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखं यंत्र कधी हातातही धरलं नसेल. गोल पोलादी डबी, पांढरी तबकडी, एक लांब काटा आणि डोक्यावर बटण. एकदा दाबलं की काटा पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो, तिसऱ्यांदा दाबलं की शून्यावर येतो. तलावावर पोहायला येणाऱ्या मुली मला ‘आजोबा’ म्हणतात. म्हणून मीही आजोबांच्या तोऱ्यातच बोलणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात, खिडकीजवळच्या लांब बाकावर झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने माझी केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवली. मग तिने मला कानाशी धरलं आणि ती स्वतःशीच हसली. तिथून मी या तलावावर आलो. इथल्या जुन्या प्रशिक्षकांनी निवृत्त होताना मला आपल्या सर्वांत गुणी विद्यार्थिनीच्या हाती सोपवलं. तीच आज इथली प्रशिक्षक आहे. मुली तिला मॅडम म्हणतात.

वीस वर्षं मी मॅडमच्या गळ्यात होतो. काठावर पाय आपटत पळणाऱ्या त्या, आणि त्यांच्या छातीवर उड्या मारणारा मी. पाण्यातून डोकं वर काढलं की प्रत्येक मुलगी आधी माझ्याकडे बघायची. “किती आली, मॅडम?” मॅडम मला डोळ्यांजवळ धरायच्या आणि सगळा तलाव गप्प व्हायचा. काय सांगू, मित्रांनो, त्या क्षणी मीच तलावाचा मालक असायचो.

मग एक दिवस तो आला. काळा, पातळ, बॅटरीवर चालणारा. मी त्याला मनातल्या मनात ‘चपट्या’ म्हणतो. त्याला किल्ली नको, तेल नको. शंभर फेऱ्या लक्षात ठेवतो आणि सेकंदाचे शंभर भाग करून दाखवतो. मॅडमच्या गळ्यातली माझी दोरी सुटली, त्याची आली. माझा नुसता जळफळाट झाला. एकदा तो मॅडमच्या हातून पाण्यात पडला. मला वाटलं, गेला बेटा! खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पण मेला तळाशी बसूनही आकडे दाखवत होता.

खरं सांगायचं तर दोष त्याचा नव्हता. दमट हवेत माझं बटण गंजलं होतं. थांबवायला दाबलं तरी काटा जवळजवळ एक सेकंद पुढे पळायचा आणि मगच थांबायचा. मॅडमनी सर्वांना बजावलं, “आजोबांचं बटण अडकतं. आता यांच्यावर कोणाची वेळ मोजायची नाही.” मग मी खणात गेलो. फुटके गॉगल आणि न वाजणाऱ्या शिट्ट्या यांच्या शेजारी पडून मी रोज एकच ऐकायचो, बाहेर चपट्याचा टुकटुक आवाज.

आता त्या मुलीबद्दल सांगतो. ती सोळा वर्षांची, पोहणाऱ्या मुलींची कॅप्टन. सगळे तिला कॅप्टनच म्हणत. वर्षानुवर्षं मॅडम नव्या मुलींना सांगायच्या, “कॅप्टनचे हात बघा, पाणी कसं कापते!” पण आठ महिन्यांपूर्वी चौदा वर्षांची एक मुलगी आली. तिची आई इस्त्रीचं दुकान चालवायची. अंगाने बारकी, म्हणून तिचं नाव पडलं चिमणी. आणि थोड्याच दिवसांत मॅडम म्हणू लागल्या, “चिमणीचे हात बघा.” पहिल्यांदा त्या असं म्हणाल्या, तेव्हा कॅप्टन काहीतरी ठेवायला खण उघडत होती. तिने तो इतक्या जोरात बंद केला की शिट्ट्या खुळखुळल्या. मी मनात म्हटलं, ये बाई, आपलं दुखणं एकच आहे.

लवकरच रिलेची स्पर्धा होती. चौघींच्या संघातल्या तिघी ठरल्या होत्या. चौथी जागा चिमणीला मिळायची किंवा कॅप्टनच्या जिवलग मैत्रिणीला. या मैत्रिणीला सगळ्या उंचाडी म्हणत. मॅडमना कामासाठी दोन दिवस बाहेर जायचं होतं. त्या कॅप्टनला म्हणाल्या, “पन्नास मीटरची दोघींची वेळ घे आणि नाव ठरव. तुझ्यावर सोपवते.”

त्या दुपारी कॅप्टनने उंचाडीची वेळ चपट्यावर मोजली. मग ती आत आली, खण उघडला आणि मला बाहेर काढलं. “नव्याची बॅटरी गेली,” तिने चिमणीला सांगितलं. चपट्या तिच्या खिशात ठणठणीत चालू होता. चिमणीने माझ्याकडे पाहिलं, मग कॅप्टनकडे. गॉगल लावून ती पाण्यात उतरली.

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. पण चपट्याला खिशात कोंबून मला हातात घेतलं होतं! इतक्या दिवसांनी कोणाचा तरी अंगठा माझ्या बटणावर होता. मी सुखावलो. चिमणीचा हात भिंतीला लागला, बटण दाबलं गेलं आणि माझा काटा मजेत पुढे पळत राहिला. त्या पोरीच्या मेहनतीतला एक सेकंद मी खाऊन टाकला. वहीत उंचाडीचं नाव लागलं. चिमणी टॉवेल गुंडाळून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

मॅडम परतल्या. वही पाहताच त्यांची बोटं थांबली. “उंचाडीचे अडतीस पॉइंट एक चार. आणि चिमणीचे नुसते अडतीस पॉइंट सहा? शेवटचा आकडा कुठे गेला?”

कॅप्टनची नजर खणाकडे गेली.

“कशावर मोजलेस?”

“आजोबांवर.” तिचा आवाज जेमतेम आला.

मला वाटलं, आता मॅडम ओरडणार. पण त्या बाकावर बसल्या आणि तिलाही बसवलं. “हा निर्णय कोणाकोणाबद्दल होता, सांग.”

“चिमणी.”

“अजून?”

कॅप्टनने वहीतल्या दुसऱ्या नावावर बोट ठेवलं. “उंचाडी. तिला यातलं काहीच माहीत नाही. तिला वाटतंय, ती स्वतःच्या बळावर आली.”

“असं का केलंस?”

“तुम्ही हल्ली ‘कॅप्टनचे हात बघा’ असं म्हणतच नाही.” आणि ती रडू लागली.

मॅडमनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, “हे तू मला सांगायचं होतंस. हा राग तिच्या वेळेत कशाला भरलास?” थोड्या वेळाने त्या उठल्या. “नाव बदलायला उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे. ठरवायचं तूच. पण या वेळी आधी त्या दोघींकडे जा. तुझ्या ठरवण्याने त्यांचं काय होतं, ते त्यांच्या तोंडून ऐक.”

आधी उंचाडीला सगळं खरं सांगून, मग मला मुठीत धरून कॅप्टन इस्त्रीच्या दुकानात गेली. चिमणी कपड्यांच्या घड्या घालत होती. कॅप्टनने माझं बटण दाबून दाखवलं. माझा काटा पुढे पळाला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

“मला तेव्हाच कळलं होतं,” चिमणी म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“तू कॅप्टन आहेस. मी कोणाला सांगणार?”

तिची आई हातातली इस्त्री न थांबवता म्हणाली, “दोन दिवस धड जेवली नाही पोरगी. तू आलीस ते बरं केलंस. पण तलावावर यायचं की नाही, ते तिचं ती बघेल.”

“मी ये म्हणत नाही,” कॅप्टन म्हणाली. “उद्या चार वाजता दोघींची वेळ पुन्हा घेणार आहे, नव्या घड्याळावर. तुला वाटलं तर ये.”

दुसऱ्या दिवशी चार वाजून गेले तरी चिमणीचा पत्ता नव्हता. कॅप्टन सारखी फाटकाकडे बघत होती. सव्वाचारला चिमणी आली. तिने टोपी घातली आणि उडी मारली. चपट्याने तिची वेळ दाखवली, सदतीस पॉइंट पाच आठ. उंचाडीची पुन्हा अडतीसच्या वरच आली.

उंचाडी पाण्याबाहेर येऊन कॅप्टनसमोर उभी राहिली. “मी हरले असते तरी चाललं असतं गं. मला खोटं कशाला जिंकवलंस?” कॅप्टनने सगळ्यांना जवळ बोलावलं. तिने सगळ्या मुलींसमोर झालेलं सांगितलं आणि वहीत चिमणीचं नाव लिहिलं.

रिलेत त्या तिसऱ्या आल्या. काठावर सगळ्यांत मोठ्याने उंचाडीच ओरडत होती. तरीही पुढचे दोन महिने ती कॅप्टनबरोबर घरी गेली नाही. चिमणीही कॅप्टनशी अजून मोजकंच बोलते. हे सगळं एका माफीने मिटलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं.

मॅडमनी मला घड्याळजीकडे नेलं. त्याने तेल घातलं, पण माझा सुटा भाग आता मिळत नाही म्हणाला. चपट्याचा हेवा मला आजही वाटतो. पण त्याने चिमणीला तिचा सेकंद परत दिला, हे मी विसरू शकत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना पुसा, तेल द्या, कोरड्या जागी ठेवा. झेपेल ते काम आम्ही आनंदाने करू. फक्त कोणाविरुद्ध आम्हाला साक्षीला उभं करू नका. आम्ही हातात घेतलं जाण्यासाठी आसुसलेले असतो. आमच्याच्याने नाही म्हणवत नाही.