भीमाबाईंच्या अंगात आलेले सुभेदार

बड़ा गणपतीच्या मागच्या गल्लीत त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पंचाहत्तरीच्या भीमाबाई पलंगावर ताठ बसून भिंतीकडे बघत ओरडत होत्या, “लाइन सीधी रखो! बंदूक नीचे!” त्यांचे यजमान सुभेदार भाऊराव महूच्या छावणीतले. ते वारून बरीच वर्षं झाली होती. गल्लीने लगेच निकाल दिला, सुभेदार अंगात आले!

शेजारच्या कुमुदिनीकाकींनी चिमटेवाल्या महाराजांना बोलावून आणलं. महाराजांनी चिमटा खणखणवला आणि भीमाबाईंच्या मुलाला, संघदीपला, बजावलं.

“आत्मा रँकवाला आहे, संघदीपजी. सहजासहजी निघणार नाही. पाणी बंद करा, पाण्याने त्याला ताकद येते. और दवाखाना तो बिलकुल नको, सुई टोचली की तो भडकतो.”

भुतालासुद्धा रँक असते, हे गल्लीला नवीनच कळलं. लोकांनी भराभर हात जोडले.

सून धम्मदीना शाळेत विज्ञान शिकवायची. बुद्धाच्या तसबिरीखाली हा तमाशा चाललेला पाहून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरंच काही असेल तर, या भीतीने तिचीही जीभ उचलेना.

“एक बार करून बघू ना यार,” संघदीप रडवेला होऊन म्हणाला. “आई बरी झाली की बस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांनी चिमटा वाजवला आणि भीमाबाईंनी चक्क चहा मागितला. गल्लीत जयजयकार झाला. चहा अर्थात मिळाला नाही. संध्याकाळी भिंतीसमोर पुन्हा फलटण उभी राहिली आणि भीमाबाईंच्या ऑर्डरी सुटू लागल्या. “घरात कोणीतरी डाउट घेतंय,” महाराज म्हणाले. सगळ्यांनी धम्मदीनाकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी महाराजांची स्कूटर राजवाड्याजवळ बंद पडली. ते अजून यायचेच होते, तरी भीमाबाईंनी डोळे उघडले आणि क्षीण आवाजात म्हणाल्या, “धम्मे, घसा सुकलाय गं. पाणी दे.”

धम्मदीना चमकली. चिमटा तर वाजलाच नव्हता, मग भूत उतरवलं कोणी? तिने सासूबाईंना नीट बसवून घोट घोट पाणी पाजलं. कपाळ तापलं होतं.

“लघवीला आग होते गं,” त्या पुटपुटल्या. “संडास खाली, गुडघे धरतात, जिना उतरवत नाही. म्हणून मी पाणीच कमी केलं होतं. सांगायची लाज वाटली.”

धम्मदीनाने दवाखान्यात न्यायला मागवलेली रिक्षा येईपर्यंत त्या पुन्हा बरळू लागल्या. कुमुदिनीकाकी दारात आडव्या आल्या. “बेटा, महाराजांना तर येऊ दे!”

“काकी, आज महाराज नसताना त्या शुद्धीवर आल्या. मग काल चिमट्याने काय केलं?”

काकी दारातून बाजूला झाल्या. संघदीपने आईला उचललं.

दवाखान्यात तपासण्या झाल्यावर, सगळी हकीकत ऐकून डॉक्टर कस्तुरींनी दोघांना समोर बसवलं. “लघवीचं इन्फेक्शन आणि शरीरात पाणी नाही. या वयात मेंदू असा अचानक गोंधळतो. मध्येच माणूस शुद्धीवर येतो, बहुतेकदा संध्याकाळी बिघडतो. महाराजांचा चिमटा लागू पडला तो सकाळीच ना?”

“पण बाबांच्या ऑर्डरी?” संघदीपने विचारलं.

“छावणीत सगळा संसार झाला त्यांचा. कानांनी ऐकलेलंच तोंडातून येणार. पाणी बंद करून मात्र तुम्ही त्यांना मरणाच्या दारात नेलं होतं.”

संघदीपने तोंड झाकून घेतलं. “रात्रभर ती पाणी मागत होती,” तो म्हणाला. “मला वाटलं, बाबा मागतायत. मी तांब्या उचलून बाहेर ठेवला.”

भीमाबाई वाचल्या, पण सावरायला बरेच दिवस लागले. चौकशीला आलेल्या गल्लीला धम्मदीनाने दारातच थांबवलं. “म्हातारं माणूस एकाएकी बरळायला लागलं, तर कारण शरीरात शोधा. इन्फेक्शन असेल, रक्तातली साखर किंवा सोडियम घसरलं असेल, नवी गोळी बाधली असेल, डोक्याला मार लागला असेल, लकवाही असेल. ते ओळखणं ना महाराजांचं काम, ना माझं. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. मी दोन दिवस गप्प बसले, तुम्ही बसू नका.”