एका सुनेची दोन नावं

“मोहिनी कोण?” टेबलामागच्या बाबूनं विचारलं.

“हाई काय,” कुंदाबाईनं शेजारी बसलेल्या सुनेकडे बोट दाखवलं.

“मग मारिसेल कोण?”

“हाईच.”

बाबूनं चष्मा कपाळावर चढवला आणि दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. जळगावच्या त्या ऑफिसात परदेशी लोकांचे कागद बघतात. पारोळ्याहून पहाटेच्या एसटीनं निघून सासू-सुना तिथं येऊन बसल्या होत्या, आणि बाबू जेवून येईपर्यंत कोणी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. कुंदाबाईच्या मनातून तो माणूस तेव्हाच उतरला होता. पोट टेबलावर ठेवून बसतो, जसं काही कोणी चोरून नेणार आहे.

“मावशी, नीट ऐका,” बाबू म्हणाला. “पासपोर्टवर हिचं नाव मारिसेल. लग्नाच्या दाखल्यावर मोहिनी भूपेंद्र पाटील. म्हणजे तुमच्या मुलाची बायको मोहिनी. ही मारिसेल त्याची कोणीच नाही. पहिल्या वेळी व्हिसावर राहायचं कार्ड मिळालं, ते मार्चमध्येच संपलंय. मुदत वाढवायची तर लग्नाचा दाखला लागतो, आणि दाखला दुसऱ्याच बाईचा.”

“चार वरीस व्हयनात, मन्हा घरमा रांधस ती. आणि तुम्ही म्हणतस कोणीच नही?”

“मी नाही म्हणत, मावशी. कागद म्हणतो.”

कागदाला तोंड असतं तर कुंदाबाईनं त्याच्याही थोबाडीत दिली असती. पण खरी थोबाडीत द्यायची ती बाहेर टपरीवर उभ्या असलेल्या पोराला. नाव काय तर भूपेंद्र, आणि करणी काय तर मस्कतला हॉटेलात कांदे चिरत होता. तिथंच ही फिलिपिन्सची पोरगी त्याला भेटली. तिनं याच्यात काय पाहिलं ते कुळदेवी कानबाईलाच ठाऊक. हॉटेल बंद पडलं तसा तिला घेऊन गावी आला आणि तेव्हापासून ‘पारोळ्याला चायनीजची गाडी लावतो’ म्हणत ओट्यावर बसून आहे. कार्डाचं विचारलं की म्हणायचा, “ऑनलाइन टाकेल शे माय, व्हई जाई.” झालं काय, तर अर्ज होळीतच परत आला होता आणि हा शहाणा मोबाईल खिशात घालून गप्प होता. म्हातारीला कळलं ते घरी नोटीस आली तेव्हा.

आणि नावाचा घोळ? तो तर सगळ्या घरानं मिळून, वाजतगाजत घातला होता. लग्नात सून आली की तिचं नाव बदलायचं, ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं त्यावर अंगठीनं नवं नाव काढायचं, ही आपल्याकडची रीतच. पोरगी आपलं नाव सांगत होती, पण ते ऐकून घ्यायला कोणाला सवड होती? मोहिनी हे नाव कुंदाबाईनंच काढलं. लग्नपत्रिकेत तेच छापलं, आणि ग्रामपंचायतीत पत्रिका दाखवून त्याच नावाचा दाखला आणला. तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता कोणाच्या नावानं बोटं मोडायची?

“गावात चौकशीला माणूस पाठवतो,” बाबू कागद आवरत म्हणाला. “दोन्ही नावांची बाई एकच आहे आणि इथं नांदतेय, असं भाऊबंदांनी लिहून दिलं तर फाइल वर जाईल. नाही दिलं तर हिला देश सोडावा लागेल. परत यायला मिळेल की नाही, ते मी सांगू शकत नाही.”

परतीच्या एसटीत भूपेंद्र मागच्या सीटवर घोरत होता. एरंडोल गेलं तरी सून खिडकीबाहेरच बघत होती. मग हळूच म्हणाली, “आई, माले धाडी देतीन का?”

ती मराठी बोलायची नाही, अहिराणीच बोलायची, आणि तीसुद्धा अस्सल, कुंदाबाईच्या तोंडून उचललेली. गावातल्या शिकलेल्या सुनांना अहिराणी बोलायची लाज वाटते. ही सातासमुद्रापलीकडची पोर मात्र गाईलासुद्धा अहिराणीतच शिव्या द्यायची.

“कोन धाडस तुले?” कुंदाबाई म्हणाली. “मंग कपाशी येचाले कोन येई? तुना नवरा?”

सून हसली. कुंदाबाई हसली नाही. तिला या पोरीचा लळा लागला होता आणि ते तिनं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, त्या पोरीलासुद्धा नाही.

पोळा झाल्यावर हवालदार आला. शिरपूरकडचा, वयस्क माणूस. ओट्यावर सतरंजी टाकली आणि सगळी भाऊबंदकी गोळा झाली. एरवी बांधावर मुडदा पडला तरी न फिरकणारे आज धुतलेले सदरे घालून आले होते. मधोमध मांडी ठोकून रुपचंद आबा. नात्यानं कुंदाबाईचा चुलत जेठ, म्हणून भाऊबंदकीतला मोठा. मोठेपणाचं दुसरं काही कारण कोणाला सापडलं नसतं. बांधाच्या भांडणापासून कुंदाबाई त्याच्याशी अक्षर बोलत नव्हती.

“ही बाई भूपेंद्रची बायको, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?” हवालदारानं विचारलं.

आबानं आधी मिशीवरून हात फिरवला. “सायेब, आम्ही भोळा मानसं. ती मोहिनी शे का आखो कोन शे, आमले काय ठाऊक? गाव तिले नेपाळीन म्हनस.”

हा भोळा माणूस तिच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसला होता आणि भर मांडवात बुंदी कमी पडली म्हणून रुसला होता. भूपेंद्र भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. त्याला तोंड आहे हे गुटख्यामुळे तेवढं कळायचं.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. “तुमच्याकडे कानबाई बसते ना?”

“बससना. बठ्ठी भाऊबंदकीनी एकच कानबाई शे.”

“मग हिच्या वाटचा रोट असतो का?”

खानदेशातल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. श्रावणात कानबाईसाठी घरच्या माणसांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याचे रोट करायचे आणि ते कुळातल्याच माणसांनी खायचे. बाहेरच्याच्या तोंडी त्यातला तुकडाही पडू द्यायचा नाही. जो रोट खातो तो घरचा, मग त्याचं नाव काही का असेना.

‘असतो’ एवढंच म्हणायचं होतं. कुंदाबाईनं तोंड उघडलंही. पण कानबाईच्या नावावर खोटं बोलायला जीभ रेटेना.

पाण्याचा तांब्या घेऊन सूनच बाहेर आली होती. तिनंच सांगून टाकलं. “नही सायेब. गहू मीच निवडस. रोट माले देत नहीत. मी बाहेरनी शे ना.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तांब्या हवालदारापुढे ठेवून ती दाराशी जाऊन उभी राहिली.

“दखा सायेब,” रुपचंद आबा म्हणाला. “आते आम्ही काय बोलानं?”

कुंदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्या श्रावणात ‘बाहेरनी शे, तिले रोट दिधा ते कानबाई कोपी’ असं सांगायला हाच रात्री घरी आला होता. आणि कुंदाबाईनं ते मानलं होतं. पोरगी दिवसभर उपाशीपोटी गहू निवडायची आणि रात्री चुलीमागे बसून कळण्याची भाकर खायची, ते बघत सासूनं चार श्रावण रोट खाल्ले होते. रुपचंदाला नावं ठेवता ठेवता जन्म गेला, आणि निघाली काय तर त्याच्याच पंगतीतली.

“लिखा सायेब,” ती पुढे आली. “रोट मी दिधा नही. या आबानं सांगं आणि मी आयकं. जलमभर याचं एक आयकं नही, आयकं ते हाईच. नाव बी मीच बदलं. ती मन्ही सून शे. दोन्ही नावनी एकच शे.”

भाऊबंदकी खाली बघू लागली. हवालदारानं सगळं लिहून घेतलं. मग मान हलवली.

“अक्का, तुमचं लिहिलं. पण घरातल्या माणसाचं बोलणं धरत नाहीत. भाऊबंदांतल्या मोठ्या माणसाची सही पाहिजे. नाहीतर मला ‘ओळख पटली नाही’ असं लिहावं लागेल.”

सगळ्यांनी रुपचंद आबाकडे पाहिलं. त्याच्या आधी कोणी पेनाला हात लावणार नव्हतं. आणि आबा समोरच्या निंबाकडे असा बघत होता, जसा काही निंब त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. पण गाढव निदान उभं तरी असतं, हा मांडी घालून बसला होता. कुंदाबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, खाली वाकली आणि त्याच्या गुडघ्याला हात लावला.

“आबा, तुम्ही मोठा शेतस. सही करी द्या.”

“काय म्हनी? आयकू नही उनं.”

“सही करी द्या, आबा. पोरना संसार शे.”

आबानं एकदा सगळ्या ओट्यावरून नजर फिरवली. कोणाचं बघायचं राहिलं तर नाही ना, याची खात्री करून घेतली. “करसू ना. पन आधी च्या तरी पाज.”

सून आत जायला वळली. “तू बस तठे,” कुंदाबाई म्हणाली, आणि स्वतः चुलीपाशी गेली. जास्त दुधाचा, जास्त साखरेचा चहा केला. आबा तो बशीत ओतून, फुंकर मारमारून, अगदी सावकाश प्यायला. मग त्यानं रिकामा कप पुढे केला.

“आखो जरासा व्हई का?”

तिनं तोही आणला. आबानं पेनाचं टोपण काढलं तोवर ती तिथंच उभी होती, डोक्यावर पदर घेऊन, त्याची उष्टी बशी हातात धरून.