आणखी ससे

"या सशिणीला आज संपवलंस तर सगळा प्रयोग पहिल्यापासून. म्हणजे आणखी ससे! त्यांची दया नाही येत तुला?" मुराद चिडून म्हणाला. प्रयोग त्याचा होता.

मुनजिया पिंजऱ्यापाशी उकिडवी बसली होती. सशिणीनं कालपासून चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. वेदनाशामक देऊनही ती पाठ कुबडी करून, डोळे किलकिले करून कोपऱ्यात बसली होती.

गावाकडे, बेजाच्या डोंगरात, मुनजियानं पशुवैद्य म्हणून वर्षानुवर्षं अडलेल्या मेंढ्या सोडवल्या. गुडघे धरले, तेव्हा ट्यूनिसला येऊन तिनं प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या वैद्यकाचं हे पुढचं शिक्षण धरलं. डोंगरात प्रश्न सरळ असे: जनावर वाचवायचं. इथं कुणाला वाचवायचं, हेच कळेना.

दारात तिच्या शिक्षिका, डॉक्टर लतीफा, उभ्या होत्या.

"बाई, तुम्हीच सांगा."

"मी सांगितलं, तर तू काय शिकलीस? उद्या मी नसेन इथं."

"पण बरोबर काय ते तरी?"

"ते कळलं असतं, तर इतक्या सिगारेटी ओढल्या असत्या का मी?"

मुनजियानं पुन्हा सशिणीकडे पाहिलं. पुढचे ससे अजून कुठंच नव्हते. ही होती, आणि हिला दुखत होतं. तिनं सुई भरली.

मुरादनं हातातली नोंदवही मिटून ठेवली. मग पुढे आला. "आण, मी धरतो. माझ्या हाताची सवय आहे तिला."

संध्याकाळी आईचा फोन आला. "काय गं डॉक्टरीणबाई, आज किती जीव वाचवलेस?"

"माहीत नाही, आई."

"माहीत नाही? अगं, मग दिवसभर करतेस काय तिथं?"

मुनजियानं वडिलांची तब्येत विचारली.

पंधरवड्यानं नव्या सशांची खोकी आली. प्रयोगात घेण्याआधी ते निरोगी असल्याचं तिनंच सांगायचं होतं. ती एकेकाचे कान, दात, पोट तपासत गेली. मुराद शेजारी पिंजऱ्यांची दारं उघडत होता.

शेवटच्या सशानं तिच्या कोपराच्या खळगीत नाक खुपसलं.

"कसा आहे?" मुरादनं विचारलं.

"ठणठणीत," ती म्हणाली. आणि त्याला तशीच छातीशी धरून उभी राहिली.