माऊची खुर्ची

"गप बसतोस, की खुर्चीत घालू?"

आत वर्गाच्या बाई कुणाला तरी दरडावत होत्या. बालवाडीच्या दारातच सोफेवाल्याचा पाय अडखळला. काखेत फोमची गुंडाळी, खिशात कात्री आणि डोक्यात एवढंच, की माऊच्या खुर्चीची गादी एका बाजूने दबली आहे, ती पटकन बदलायची आणि दुकान गाठायचं. येतोय म्हणून त्याने कळवलं नव्हतं. स्वतःच्या लेकीच्या खुर्चीची गादी बदलायला कळवायचं काय?

खुर्ची खिडकीपाशी होती, भिंतीकडे तोंड करून. तिच्यात आधीच एक भलताच मुलगा बसवलेला होता, चांगला धडधाकट. कमरेचा पट्टा आवळलेला, छातीचा पट्टा आवळलेला, हात ट्रेखाली अडकलेले. नाक गळत होतं आणि पोराला ते पुसताही येत नव्हतं. रडून रडून त्याला उचक्या लागल्या होत्या.

"आणि माऊ?" सोफेवाल्याने विचारलं.

मदतनीस मावशींनी नुसत्या हनुवटीने दाखवलं. चपलांच्या फळीशेजारी, सतरंजीवर, माऊ उताणी पडली होती. बाकीची मुलं पलीकडे गोल करून गाणं म्हणत होती. तिला त्यांचे चेहरेही दिसत नव्हते. तिला पंखा दिसत होता.

माऊ चार वर्षांची. मान धरते, पण पाठ धरत नाही. बसवलं की एका अंगाला कलंडते. बोलत नाही. खूश झाली की घशातल्या घशात घुरघुरते, म्हणून घरात तिचं नाव माऊ पडलं. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या होत्या, हिला नीट बसतं केलंत तर हिचे हात कामाला लागतील. सोफेवाल्याचा जन्म लोकांच्या बैठका करण्यात गेलेला. दुकान बंद केल्यावर तो मागच्या खोलीत खपत राहिला आणि त्याने लेकीसाठी खुर्ची केली. दोन्ही बाजूंना तिला सावरून धरणाऱ्या जाड कडा, पाय टेकायला फळी, दोन मऊ पट्टे, पुढे ट्रे. आणि ट्रेला उभा काठ, खडू घरंगळून पडू नये म्हणून. पहिल्यांदा तीत बसवलं तेव्हा माऊने आपणहून हात पुढे केला आणि खडू मुठीत धरला. माऊची आई भिंतीला टेकून ढसाढसा रडली होती. ती खुर्ची त्याने मोठ्या विश्वासाने बालवाडीत आणून ठेवली.

आणि या लोकांनी तिचा तुरुंग केला! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने पुढे होऊन त्या मुलाचे पट्टे सोडले. पोरगं सुटलं ते थेट मावशींच्या पदराआड.

"अहो, अहो, काय करताय?" वर्गाच्या बाई धावत आल्या. "चावलाय तो एकाला!"

"चावला असेल. त्याला या खुर्चीत कशाला घातलं?"

"पट्टे आहेत ना हिला! एकदा बसवलं की जागचं हलत नाही पोर. आता तर नुसतं नाव काढलं तरी वर्ग चिडीचूप. खरंच सांगते, फार कामाची वस्तू दिलीत तुम्ही." बाई हसल्या. हे ऐकून तो खूश होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"आणि माझी मुलगी?"

"ती गुणाची आहे हो. कुठेही ठेवा, कसली तक्रार नाही."

"तक्रार करायला बोलता यावं लागतं, बाई."

आवाज चढलेला ऐकून मुख्य बाईंनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. त्या ज्या सोफ्यावर बसल्या होत्या, त्याचं कापड सोफेवाल्यानेच बदलून दिलेलं होतं, आनंदाने, माऊला घेतल्याच्या उपकारापोटी. दोन बालवाड्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. आज त्याला त्या सोफ्याची लाज वाटली आणि स्वतःच्या आनंदाची त्याहून जास्त.

"शांतपणे घ्या," मुख्य बाई म्हणाल्या. "एवढ्या मुलांत हिच्याकडे कोण बघणार? आम्ही घेतलं तिला, हेच खूप समजा. नसेल पटत, तर घेऊन जा. खुर्ची पण न्या, मुलगी पण न्या."

माऊच्या आईने त्याला कितीदा बजावलं होतं, तिथे तोंड उघडू नकोस, काढून टाकतील हिला. इतके दिवस तो मूग गिळून होताच. पण घरी नेऊन करायचं काय? तिथेही पंखाच बघायचा.

"नेणार नाही," तो म्हणाला. "ती शाळेत आलीय. गोलात बसेल, सगळ्यांबरोबर. आणि तिच्या खुर्चीत दुसरं कुणी बसणार नाही."

"बरं, बघू."

"बघू नाही. आत्ता."

मुख्य बाई काही बोलायच्या आत तो बाहेर आला होता. त्याने खुर्ची भिंतीपासून ओढली आणि गोलात आणून ठेवली. मुलांनी अंग चोरून जागा दिली, जरा जास्तच. गाणं थांबलं. त्याने माऊला सतरंजीवरून उचललं, तिच्या पाठीला चिकटलेला फ्रॉक सारखा केला, तिला खुर्चीत बसवलं आणि कमरेचा पट्टा लावला.

समोरच्या दोन वेण्यांच्या मुलीने भीत भीत विचारलं, "काका, हिनं काय केलं?"

"काही नाही, बाळा. हिनं काहीच केलं नाही."

"मग बांधताय कशाला?"

सोफेवाल्याचा हात छातीच्या पट्ट्यावर तसाच राहिला. त्याने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्याने पट्टा लावला, अगदी सैल, आणि खुर्चीला लागून, मुलांच्या रांगेत, मांडी घालून बसला.

"म्हणा, गाणं म्हणा," तो म्हणाला. "मी पण आहे."

कुणीच म्हटलं नाही. माऊने मान खाली घातली होती, शिक्षा झालेली मुलं घालतात तशी.