बिनकेळ्याचं सरबत

गेवराईच्या कासम सरबतवाल्याने औरंगाबादेहून जर्मन कारखान्यातल्या अर्काची बाटली आणली होती. तिच्यात केळं औषधालाही नव्हतं, वास मात्र अख्ख्या घडाचा. या मालावर उरसात दुकान लावायचं, तर तहसीलदारांची सही हवी. गेल्या वर्षी सहीवाचून त्याला वेशीबाहेर उभं राहून ओरडावं लागलं होतं.

साहेबांचा मुक्काम गोदावरीकाठी, वडाखाली. हुकूम झाला, "आधी चव, मग सही."

सरकारी काम म्हणून कासमने पेल्यात चार थेंबांच्या जागी आठ टाकले आणि बाटलीला बूच मारलं. वास पसरला तसा मागे बसलेला सटवा ताठ झाला. सटवा मध काढणारा. त्याने कासमची बाही ओढली.

"काय घातलंस बे त्यात?"

"केळ्याचा अर्क. कावून?"

"आग्या माशी डसली की ह्योच वास सुटतो. मग बाकीच्या त्या वासावर तुटून पडत्यात. वर बघ."

साहेबांच्या रुमी टोपीच्या बरोबर वर सुपाएवढी तीन मोहळं लोंबत होती. त्यांच्यावरून एक थरथर फिरली.

"हुजूर, वर मोहोळ हाय," कासम म्हणाला. "जरा नदीकडं सरकलं तर..."

"आम्ही तीन दिवस इथंच आहोत," साहेब कागदावरून नजर न काढता म्हणाले. "मोहोळाची तक्रार आलेली नाही. पेला इकडे."

साहेब उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही, असा शिरस्ता. चाळीस माणसं मांडी घालून बसलेली. एक माशी पेल्याच्या काठावर उतरली. दुसरी साहेबांच्या मिशीजवळ घुटमळली. साहेबांनी पेला उचलला.

कासमने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि घटाघटा स्वतःच पिऊन टाकला. निम्मं सरबत दाढीवर सांडलं.

"पळू नगंस," सटवा ओठांतल्या ओठांत म्हणाला. "चाल."

नदी शंभर पावलं होती. विसाव्या पावलाला पहिला डंख गालावर बसला. तिसाव्याला कासमने मोजणं सोडलं, साठाव्याला सटवाचा सल्ला.

संध्याकाळी सटवा त्याच्या तोंडावरचे काटे उपटत असताना चपराशी आला. साहेबांना एकही माशी डसली नव्हती, त्यामुळे माशांचा विषय त्यांच्या लेखी संपला होता. चपराशाने वाचून दाखवलं, "अर्जदार आपला माल आपणच पितो. असं दुकान चालायचं नाही. अर्ज नामंजूर."

"खरं काय ते सांगून येऊ का?" सटवाने विचारलं.

"नको," कासम सुजल्या ओठांनी म्हणाला. "माशा मीच आणल्या म्हणतील."