सभासद चौसष्टचे शेरे

पूर्णा जंक्शनच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले रंगनाथराव गावात दोन गोष्टींसाठी ओळखले जात. एक कडक इस्त्रीचा सदरा आणि दुसरी खुनी ओळखण्याची कला. ही कला अर्थात पुस्तकातल्या खुन्यांपुरतीच होती. मन्मथअप्पांच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानात मागच्या भिंतीला रहस्यकादंबऱ्यांच्या दोन मांडण्या होत्या, त्यातली पुस्तकं भाड्यानं मिळत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरापायी त्या वर्षांत वरचेवर बंद होई. उद्या बंद म्हटलं की लोक आदल्या दिवशीच दोन-दोन पुस्तकं नेत. अप्पांनी एक पद्धत पाडली होती. वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर शेरा लिहायचा आणि खाली नाव न घालता फक्त सभासद क्रमांक टाकायचा. नाव नसलं की भांडण होत नाही, असं अप्पांचं म्हणणं.

रंगनाथराव एकतीस नंबरचे. त्यांचे शेरे शाईत असत. 'खुनी एकेचाळिसाव्या पानावर ओळखला. भाषा बरी.' 'लेखकाला रेल्वेतलं ओ की ठो कळत नाही. मालगाडीला तिकीट तपासनीस?' लोक पुस्तक घेण्याआधी मागचं पान उघडून एकतीस काय म्हणतो ते बघत, आणि रंगनाथराव दुकानाच्या बाकावर बसून ते बघणं बघत. माणसाला म्हातारपणी कशाचा तरी मान लागतोच. कुणाला नातवंडांचा लागतो, ह्यांना शेवटच्या पानाचा लागला होता.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्या पानावर दुसरं अक्षर उमटू लागलं. पेन्सिलीचं, बारीक, सरळ. एका कादंबरीत नवरा बायकोला हळूहळू वेडी ठरवतो. रंगनाथरावांनी लिहिलं होतं, 'मनाचे खेळ ठीक आहेत. पण शिकलेली बाई इतकं मुकाट सोसणार नाही. निघून गेली असती. अशक्य. सभासद ३१.' त्याखाली पेन्सिलीत एकच शब्द होता. 'कुठे? सभासद ६४.'

रंगनाथरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढच्या पुस्तकात त्यांनी 'सासू फार अतिरंजित' असं लिहिलं, तर खाली आलं, 'सासू बरोबर आहे. फक्त ती इतकी ओरडत नाही. हसते.' तिसऱ्यात ते म्हणाले, 'बंद खोलीचं कोडं चांगलं, पण दाराला बाहेरून कडी का लावली याचं कारण पटत नाही.' उत्तर तयारच होतं. 'बाहेरून कडी लावायला कारण लागत नाही. आमच्याकडे रोज लागते.'

चौसष्ट नंबरचं कार्ड दत्तरावाच्या नावावर होतं. सरकी-पेंडेचं दुकान, मागे गोदाम, आणि घर रंगनाथरावांपासून तिसरं. पुस्तकं न्यायला-आणायला त्यांची भांडेवाली चांगुणाबाई येई. शेठ माणूस स्वतः कशाला येईल, असं रंगनाथरावांनी धरून चाललं. कडी म्हणजे गोदामाची कडी, हेही त्यांनीच ठरवलं. दत्तरावानं ते कार्ड लग्नाच्या नव्या नवलाईत बायकोसाठी काढलं होतं, हे विचारलं असतं तर अप्पांनी सांगितलं असतं. पण उंटावरचा शहाणा खाली उतरून कधी विचारतो का?

लोक आता आधी चौसष्टचा शेरा वाचू लागले. एकानं तर रंगनाथरावांच्या तोंडावर म्हटलं, "काका, हा चौसष्ट तुमच्यावर भारी पडायलाय." त्याच संध्याकाळी ते अप्पांकडे गेले.

"त्या दत्तरावाला जरा समज द्या, अप्पा. पुस्तकावर लिहायचं सोडून भलतंच लिहितो. दुकान काय त्याच्या घरचं आहे?"

अप्पा गरीब गाय माणूस. दोन दिवसांनी त्यांनीच येऊन सांगितलं, "बोललो बरं का त्यांला. लय शांतपणे ऐकून घेतलं. म्हणले, कोणत्या पुस्तकात काय लिहिलंय ते दाखवा. मी तिन्ही पुस्तकं काढून दाखवली. हसले अन् गेले."

रंगनाथरावांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, त्या रात्री ते दोन घास जास्त जेवले.

पंधरा दिवस चौसष्टचा शेरा आला नाही. सोळाव्या दिवशी सकाळी दत्तरावाच्या घरातून धूर आणि आरडाओरडा एकदमच बाहेर आला. दत्तरावाची बायको मालन पंचवीसही वर्षांची नव्हती. जीपमधून परभणीला नेताना वाटेतच गेली. दुपारी जमादार रंगनाथरावांच्या दारात आला. "तुमी शिकलेले, शेजारचे. पंच म्हणून या."

ओसरीत सासू तानुबाई भिंतीला टेकून बसली होती. "स्टोव्हचा भडका उडाला हो. अंगावर नायलॉनचं लुगडं," एवढंच ती सगळ्यांना सांगत होती. रंगनाथराव स्वयंपाकघरात शिरले. चांगुणाबाई कोपऱ्यात फडकं धरून नुसती उभी होती. ओट्यावरचा स्टोव्ह धड होता. टाकी फुटलेली नव्हती, त्यावर भांडं नव्हतं, पिन कोनाड्यात होती. जळालं होतं ते सगळं दारापाशी, ओट्यापासून सहा हातांवर. आणि दाराच्या फळीवर आतल्या बाजूनं नखांचे ओरखडे होते.

पिठाच्या डब्यामागे अप्पांच्या दुकानाचं पुठ्ठा घातलेलं पुस्तक दिसलं. हात सवयीनं शेवटच्या पानावर गेला.

'सभासद ३१ यांस. तुमची तक्रार घरी कळली. हे लपवलेलं शेवटचं पुस्तक. मी गोष्टींवर लिहीत नव्हते, घरावर लिहीत होते. तुम्ही खुनी बरोबर ओळखता. मरणार कोण, ते कधी आधी ओळखलंत का? ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं. मालन, सभासद ६४.'

चौसष्ट म्हणजे ही होती. कुठे, असं तिनंच विचारलं होतं आणि कडीही तिच्याच दाराची होती. बाहेरून जमादार ओरडला, "स्टोव्हचा भडका उडून, असं पंचनाम्यात घातलंय. सही करा, काका." हे पुस्तक पुढं केलं असतं तर पहिलीच ओळ त्यांच्या तक्रारीची होती. सगळ्या गावासमोर ती वाचली गेली असती. त्यांनी पुस्तक सदऱ्याआड घातलं, बाहेर आले आणि सही केली. अक्षर नेहमीसारखं आलं, याची त्यांना स्वतःचीच किळस आली.

आठ दिवसांनी पिंगळीहून मुंजाजी आले. मालनचे वडील. उंच, वाळलेले, डोक्याला पांढरा पटका. रंगनाथरावांच्या बायकोनं, कमलबाईंनी, दिलेलं पाणी त्यांनी तसंच ठेवलं.

"ठाण्यात म्हणले, पंचानं डोळ्यानं बघून सही केलीया, आता काय ऱ्हायलं न्हाई. चांगुणाबाई म्हणली, पोरगी पुस्तकात कायबाय लिहायची. शेवटचं पुस्तक तुमीच सदऱ्यात घातलं म्हणली. लेकीचं अक्षर हाय, तेवढं वाचून दावा."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. रंगनाथरावांनी ट्रंकेतून पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि वाचलं, "पुस्तक चांगले आहे. सर्वांनी वाचावे. सभासद चौसष्ट."

मुंजाजींनी पुस्तक हातात घेतलं. पानावरून बोट फिरवलं, वरून खाली, सावकाश.

"मला अक्षर येत न्हाई, काका. पर पेरणीला मी तिफण धरतो, ओळी मोजता येत्यात. ह्या सात हायत. तुमी एकच वाचली."

अडाणी बापाला फसवायला निघालेला शिकलेला माणूस, याहून हलकट माणूस रंगनाथरावांनी कुठल्या कादंबरीत वाचला नव्हता. त्यांनी पुस्तक परत घेतलं आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. 'तुमची तक्रार' ह्यावर आवाज फाटला, तरी पुढं वाचलं. मग तक्रार कसली, ते सांगितलं. कडीचा शेरा सांगितला. स्टोव्ह धड होता आणि दाराला ओरखडे होते, तेही सांगितलं.

मुंजाजींनी पटका काढून मांडीवर ठेवला.

"म्हंजी ती सांगायली व्हती," ते म्हणाले. "मला न्हाई सांगितलं. बाप अडाणी, काय करील, म्हणली आसंल. तुमाला सांगायली व्हती. आन् तुमी तिच्या चुका काढायलात."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रंगनाथरावांना रडू आलं, आणि त्या माणसासमोर रडायचा आपल्याला हक्क नाही हेही कळलं.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "खोटी आहे."

"हेच ठाण्यात वाचून दावाल?"

"दाखवीन."

मुंजाजी पटका बांधत अंगणात गेले. कमलबाई दाराआडून सगळं ऐकत होत्या. त्यांनी नवऱ्याची बाही धरली. "अहो, खोटी सही म्हणून तुम्हालाच धरतील. पेन्शन आहे, अब्रू आहे. दत्तराव शेजारी आहे. आपलं काय होईल?"

"माहीत नाही," रंगनाथराव म्हणाले. त्यांनी हळूच बाही सोडवून घेतली, पुस्तक सगळ्यांना दिसेल असं हातात धरलं आणि मुंजाजींच्या मागे उन्हात उतरले.